बिनकाळ्याची चार पिल्लं

हॅलो? … हॅलो! … अगं अक्का, तूच का! मी आत्ता तुलाच लावणार होते, हात ओला होता म्हणून थांबले…

ऐक, आधी माझं ऐक. निघाली पिल्लं! … कुणाची म्हणजे? दीपमालाच्या सापांची! … पंधरा. सोळा अंडी होती, एक नासलं.

अगं, घाबरतीस कावून? फोनमधनं बाहेर येतात का ती? … बिनविषारी हायत, किती येळा सांगू. परदेशी जात हाय, कॉर्न स्नेक म्हणतात. पुण्याहून आणलेत, पावतीसकट. सरकारी नोंदबी केलीया.

मग कोण बघणार? मीच बघते! लेक कॉलेजात शिकवायला गेली की अंड्यांवर पाण्याचा फवारा मीच मारते. ओल राहायला पाहिजे ना. पहिला महिनाभर अंड्यांच्या थर्माकोलच्या खोक्याला हात लावू देत नव्हती, आन् आता म्हणती, आई, तुझा हात हलका हाय.

हो, हो… अगं ऐक ना. खरी गंमत पुढंच हाय. नर कसा? तांबूस, पाठीवर लाल चट्टे, चट्ट्यांना काळी कड. मादीबी तशीच. मग पिल्लं कशी निघायला पाहिजेत? … तशीच. अकरा निघाली तशी. आन् चार… अक्का, चार पिल्लांच्या अंगावर काळ्याचा ठिपका न्हाई! नुसती नारंगी आन् पांढरी. डोळे गुंजेवाणी लाल. अंड्यातनं डोकं काढून माझ्याकडंच बघायलेत…

आन् पोरीनं आधीच वहीत लिहून ठेवलं होतं. अंडी घातली त्याच दिवशी. 'चारात एक बिनकाळ्याचं निघंल.' तारखेसकट! दोन्ही सापांच्या आया तशाच होत्या म्हणं. मी ह्यांना दाखवली वही. हे आपले चष्मा पुसून तीनदा वाचायलेत…

अक्का? … हॅलो? … ऐकायलीस ना?

रडायलीस का तू? … अगं, मग सांगायचं न्हाई का! मी आपली सापांचं लावून बसले. काय झालं? अंजनाला काय झालं? … बाळ? बाळ बरं हाय ना? … मग?

कोण आलंय? … अंजनाची सासू? आज? बारशाला बोलावलं तवा आल्या न्हाईत, बारसं राहिलं त्यांच्यापायी, आन् बाळ वीस दिवसांचं झाल्यावर आज… बरं. बरं. जावईबी हाय का संगं? … काय म्हणायलाय अभिमन्यू? … नुसता उभा?

काय म्हणल्या? … 'आमच्या घरात असलं पांढरंफेक कुणी न्हाई, हे लेकरू कुणाचं ते तुमच्या लेकीला इचारा.' … असं? अंजनाच्या तोंडावर? ओल्या बाळंतिणीच्या?

गप. रडू नको. … बाळाचे केस अजून पांढरेच हायत ना? पापण्याबी? … उजेडात डोळे मिटतंय? … दवाखान्यात डॉक्टरनं काय सांगितलं होतं तुमाला? … तेच तर! अंगात रंग तयार होत न्हाई, जन्मापासून असतं, कुणाचा दोष न्हाई. मग हे त्यांना सांगितलं न्हाई का? … सांगितलं. … ऐकलंच न्हाई. हं.

अगं अक्का… थांब. थांब जरा. … न्हाई, मला काहीतरी… अगं, हे तर दीपमालाच्या वहीतलंच हाय!

फोन दे त्यांना. … विहीणबाईंना दे. … मी भांडत न्हाई. तुझ्या गळ्याची शपथ, भांडत न्हाई. दे.

…

नमस्कार विहीणबाई. मंगल बोलते, धारूरची. अंजनाची मावशी. … हो, ऐकलं. … हो. … होऊ द्या, तुमचं बोलून होऊ द्या आधी. … हो. … झालं? आता माझं दोन मिनिटं ऐकता का?

तुमच्या घरी विरजण कोण लावतं? … न्हाई, चेष्टा कुठं करायलेय मी? सांगा तर. … तुमीच ना. मग तुमाला माझ्यापरीस चांगलं कळंल. अंगातला काळा रंग विरजणासारखा असतो बघा. हरेक माणसाकडं दोन वाट्या. एक आईनं दिलेली, एक बापानं. दोन्हीत विरजण असलं तरी दही, एकीत असलं तरी दहीच. एका चमच्यावर दूध लागतंय का न्हाई? … लागतंय. म्हणून तो माणूस दिसायला आपल्यासारखाच सावळा. पण आपली एक वाटी रिकामी हाय, हे त्यालाबी ठावं नसतं.

… हां, आता बरुबर आलात. अंजनाची एक वाटी रिकामी. कबूल. आमच्या घरातनं आली असंल, मी न्हाई म्हणत न्हाई. पण तेवढ्यानं असं लेकरू होत न्हाई, विहीणबाई. बापाकडूनबी रिकामीच यावी लागती. दोन्ही रिकाम्या भेटल्या, तरच दूध लागत न्हाई, लेकरू पांढरं राहतं. … न्हाई. एकीकडून भागत न्हाई.

मला कुणी शिकवलं? … माझ्या लेकीनं. अंबाजोगाईला कॉलेजात शिकवती ती. आन् नुसतं ऐकीव न्हाई, डोळ्यांनी बघितलंय मी. आज सकाळीच… आता खरं सांगू का? सापांच्या पिल्लांत बघितलंय. … अहो न्हाई! नातवाला साप कुठं म्हणले मी! … ऐका, ऐका. काळ्या कडंचा नर, काळ्या कडंची मादी. दोघं एकाच पेटीत, पेटीला कुलूप. दुसरा साप यायचा कुठून? तरी चार पिल्लं बिनकाळ्याची निघाली. आता त्या मादीला मी काय इचारू, कुणाची हायत म्हणून?

…

तसंच अंजनाचं हाय, विहीणबाई.

एक इचारू का? रागावू नका. मालकांच्या घरात, तुमच्या सासरी, कुणी होतं का असं? चुलत, आत्या, आजे… आठवून बघा. कुणी नाव काढत नसंल त्यांचं…

… कोण? … थोरली नणंद. … चंद्रभागा. … हो. … हो. … सांगा ना, ऐकायलेय मी.

… केस असेच. … दिवसा घराबाहेर न्हाई. पाहुणे आले की आतल्या खोलीत. … लग्न न्हाई झालं. … आन् तुमी नवीन नवरी म्हणून आलात, तवा तुमची वेणी त्याच घालायच्या. … अभिमन्यू व्हायच्या आधीच वारल्या. … हं. … सासऱ्यानं शपथ घातली होती? बाहेर बोलायचं न्हाई म्हणून? … आन् तुमी तीस वर्षं पाळली. … अभिमन्यूलाबी माहीत न्हाई? … आत्ता ऐकायलाय? … ऐकू द्या. ऐकू द्या त्याला, विहीणबाई.

… न्हाई. ह्या लेकराला आत ठेवायचं न्हाई. उन्हात टोपी, अंगभर कपडा. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं, नजर कमी असती त्यांची, चष्मा लागंल. शाळेत पुढच्या बाकावर बसवायचं. … शिकंल की! कावून न्हाई शिकणार? आमी ऊसतोडीला गेलतो तवा दीपमाला कोपीत, पाचटाच्या झोपडीत बसून अक्षरं गिरवायची. पाटी न्हाई, पेन्सिल न्हाई, राखेत काडीनं. ती आज दुसऱ्याच्या पोरांना शिकवती. ह्याला तर आख्खं घर हाय.

… तुमी कावून माफी मागता? मला नका मागू. आत अंजना हाय ना. … हो. … द्या अक्काला.

…

अक्का? … बोल. … कुठं गेल्या? … आतल्या खोलीत. … घेतलं? मांडीवर घेतलं? … अंजना? … रडू दे तिला. मोकळं होऊन रडू दे, मधी जाऊ नको तू. … आन् अभिमन्यू? … खिडकीचा पडदा ओढला? बाळाच्या डोळ्यावर उजेड येतो म्हणून? … बरं झालं. हाललं म्हणायचं पाऊल त्याचं.

रविवारी? … बारसं? तुझ्याच अंगणात? … सगळी भावकी घेऊन येणार? मग येते की मी! शनिवारीच येते, पुरणाला हात लागतील. ह्यांना सोडते सापांजवळ…

काय? … कुणाला? … थांब, कुकरची शिट्टी झाली इथं, ऐकू न्हाई आलं. कुणाला बोलवायल्यात?

… दीपमालाला?

भावकीपुढं? तिनं सगळ्यांना समजावून सांगायचं? … पुरुषमाणसांतबी? … त्याच म्हणल्या? आपणहून?

अगं, ह्याच पोरीला गावात हळदीकुंकवाला बोलवत नव्हते लोक. साप पाळती, घरात घेऊ नका. मी कितीदा म्हणले असंल तिला, बाई, सोड हे, लोकांत उठबस राहिली न्हाई आपली. आन् ती एवढंच म्हणायची, आई, जरा थांब. … न्हाई गं, आता कशाचा राग.

आणखी एकदा सांग ना. … काय म्हणल्या त्या? हळू सांग. जशा म्हणल्या तसंच सांग.

… हां.

… 'प्राध्यापकबाईंना'?

… हां. ठेवते मग. … जेवल्याबिगर जाऊ देऊ नको त्यांना. … हो, हो, सगळं रविवारी बोलू. अगं, ठेव ना तू! अकराला तास सुटतो तिचा, मला तिला लावायचाय!