बजरंगच्या हातातली दोरी

जबाब

मी बायनाबाई चंद्रभान दुधाटे, वय ४८ वर्षे, शिक्षण तिसरी, धंदा शेती व मजुरी, रा. बाजारतळामागे, ताडकळस, ता. पूर्णा, जि. परभणी.

समक्ष ठाण्यात येऊन विचारल्यावरून सांगते की, मी वरील ठिकाणी सून भक्ती हिच्यासह राहते. माझा नवरा वारलेला आहे. मुलगा एकच, बजरंग, वय २५. तो दीड वर्षापासून अंदमानला मासेमारीच्या बोटीवर कामाला होता. आमच्या गावचा सिद्धोधन खंदारे तिथे आधीपासून होता, त्याने त्याला लावून दिले. दोघे पहिलीपासून एका वर्गात होते. बोटीवरच्या घटनेबाबत तिकडच्या पोलिसांचे पत्र आल्याने आज माझा जबाब घेत आहेत.

ही मासेमारी मासे विकण्यासाठी नाही. पैसेवाले लोक हौसेने येतात, बोट भाड्याने घेतात. खोल समुद्रात तलवारीसारख्या लांब चोचीचा मासा असतो, तो गळाला लावायचा. गिऱ्हाईक खुर्चीला पट्ट्याने बांधून बसते आणि गळाची काठी धरून तासन्‌तास ओढते. मासा दमला की फोटो काढायचा. याला तिकडे खेळ म्हणतात. मासा बोटीजवळ आला की शेवटची जाड दोरी हाताने ओढायला एक माणूस लागतो. ते काम बजरंगचे होते.

घटनेच्या वेळी मी तिथे नव्हते. मी समुद्र पाहिलेला नाही. सिद्धोधनने सांगितले तेवढेच मला माहीत आहे.

दि. ११ फेब्रुवारी रोजी दुपारी मोठा मासा लागला. गिऱ्हाइकाने सहा तास ओढला. मासा जवळ आल्यावर बजरंगने हातमोजे घालून दोरी धरली. दोरीचा एक वेढा बोटांवरून घेतला आणि दुसरा अंगठ्याखालून. मासा एकाएकी खाली गेला. मूठ उघडली तरी दोरी सुटली नाही. बजरंग बोटीच्या काठावरून पाण्यात ओढला गेला. नंतर गळाच्या काठीकडची बारीक दोरी तुटली आणि मासा त्याला जाड दोरीसकट घेऊन गेला. शोध घेतला पण तो सापडला नाही. तो मेला असे मी म्हणत नाही. पाण्यात गेला एवढेच लिहा.

मला विचारण्यात आले की, असा वेढा घेण्याची त्याला सवय होती का. होती. आमच्याकडे बैलाचा कासरा असाच धरतात. बैल उधळला तरी हातातून सुटू नये म्हणून. बोटीची कंपनी म्हणते त्याला शिकवलेले होते, मूठ उघडली की सुटेल असाच वेढा घ्यायचा, त्याने ऐकले नाही, चूक त्याची. चूक झाली, मी नाही म्हणत नाही. पण बोटीचा मालक दीड वर्ष रोज बघत होता. गिऱ्हाइकांना सांगायचा, हा आमचा बैलवाला, याच्या हातातून मासा सुटत नाही. हे बजरंगने मला फोनवर हसत सांगितले होते. तेव्हा मालकाला ती सवय चालत होती.

सिद्धोधन पूर्णा स्टेशनवर उतरला तो आपल्या घरी न जाता आधी माझ्या दारात आला. बसला नाही. म्हणाला, "मावशी, चाकू माझ्या हातात होता."

ओढणाऱ्याचा हात अडकला तर दोरी कापायला चाकू घेऊन एक माणूस उभा ठेवतात. तो सिद्धोधन होता.

मी म्हणाले, "मग का न्हाई कापली?"

"मालक वरडला, कापू नको म्हणला. गिऱ्हाइकाचा सहा तासाचा मासा हाय म्हणला."

"आन्‌ तू थांबलास?"

"थांबलो. लय न्हाई थांबलो, मावशी. पर थांबलो."

मी त्याला भाकर वाढली. त्याने खाल्ली नाही. मीही खा म्हणाले नाही.

चार दिवसांपूर्वी कंपनीचा माणूस माझ्या घरी आला. माझे चुलत दीर किशनराव त्याला घेऊन आले. तो म्हणाला, चाकूवाल्याने निष्काळजीपणा केला असा जबाब द्या, म्हणजे प्रकरण लवकर मिटेल. तो काय तुमच्या नात्यातला आहे का, असेही म्हणाला. मी म्हणाले, तुमी तरी कुठं नात्यातले हायेत, माझ्या बाजेवर बसलेत की. किशनराव म्हणाले, "वयनी, तुमी नुसतं त्याचं नाव घ्या, पुढचं आमी बघतो." मी म्हणाले, तुमी काय बघता, तुमाला साध्या विहिरीत उतरायची भीती वाटते.

त्यानंतर भावकीतली पोरे दोनदा मोटारसायकली घेऊन खंदाऱ्यांच्या गल्लीत फिरून आली. सिद्धोधनची आई पार्वतीबाई हिने बाजार करणे सोडले. तिचा निरोप आला नाही आणि मीही पाठवला नाही.

सून भक्ती कुंकू लावते. त्यावरून तिला कोणी बोलले तर त्याचे मी बघून घेईन. ते इथे लिहायचे नसेल तर नका लिहू.

माझी तक्रार बोटीच्या मालकाविरुद्ध आहे. माणूस पाण्यात चालला असताना दोरी कापू नको असे त्याने सांगितले. दोरी कापली असती तर मासा गेला असता, इतकेच.

सिद्धोधन खंदारे याच्याविरुद्ध काही तक्रार आहे का, असे जमादारांनी विचारले. मी म्हणाले, परत विचारा. त्यांनी परत विचारले. नाही. त्याला मी पुन्हा घरात घेणार नाही, ते माझे मी ठरवले आहे. पण ज्याने थांब म्हटले त्याला सोडून जो थांबला त्याला मी धरून देणार नाही. त्याची साक्ष मालकाविरुद्ध घ्यावी. तो द्यायला तयार आहे.

माझा जबाब जमादारांनी मला वाचून दाखवला. मी बोलले तेच त्यात आहे, कमी नाही, जास्त नाही. किशनराव व भावकीतले लोक ठाण्याबाहेर उभे आहेत, त्यांनाही हा मोठ्याने वाचून दाखवावा. तोवर मी इथेच बसते.

सही
बायनाबाई चंद्रभान दुधाटे