कौतिकाबाईंच्या हातचं

मंडळी, जरा पुढे सरका, आणि मला सांगा. निषेध, निंदा आणि धिक्कार, हे तिन्ही शब्द सारखेच का? नाहीत. निषेध करायचा तो कृत्याचा. निंदा होते माणसाची, पाठीमागे. आणि धिक्कार? तो तोंडावर, चारचौघांत. मग चारचौघांत केलेला धिक्कार परत घेता येतो का? ऐका.

खानदेशात एक लहानसं गाव. तिथे कौतिकाबाई नावाची विधवा बाई राहायची. देवळाच्या भंडाऱ्याचा स्वयंपाक तिच्याकडे. हाताला अशी चव की जावई सासरवाडीहून हलायचे नाहीत! हसताय? तुमच्यातलेही असतील.

एका वर्षी भंडारा झाला. वरण, बट्टी, चिंचेची आमटी. लोक जेवून उठले आणि उलट्या सुरू. गाव आडवं पडलं. देवाच्या कृपेनं सगळे वाचले. पण उठल्यावर पहिलं काम काय केलं? सभा भरवली.

आता गावात एकमत कधी होतं? रस्त्यासाठी नाही, पाण्यासाठी नाही. पण कुणाला दोष द्यायचा म्हटलं की लगेच.

देवळाचे कारभारी अभिमन आप्पा उभे राहिले. म्हणाले, "कौतिक, देवाच्या अन्नात काय कालवलंस? धिक्कार असो तुझा." मागून सगळे म्हणाले, धिक्कार असो.

ती एवढंच म्हणाली, "आप्पा, मीपण तेच जेवले होते."

कुणी ऐकलं? नाही. त्या दिवसापासून तिला कुणी हाक मारीना. ती बिऱ्हाड उचलून लेकीच्या गावी गेली.

पुढच्या वर्षी भंडाऱ्याला दुसरा आचारी. तीच आमटी, देवळाचं तेच तांब्याचं पातेलं. आणि पुन्हा गाव आडवं! तेव्हा आप्पांनी पातेलं उन्हात आणून आत पाहिलं. कल्हई पार उडालेली, तळ हिरवा. चिंच त्यात कळकून आमटीचं विष होत होतं. भांड्यांना कल्हई लावून घेणं कुणाचं काम? आप्पांचं. ती राहून गेली होती. आदल्या वर्षी सभेत हे त्यांना आठवलं नव्हतं, की त्यांनी आठवू दिलं नव्हतं? मन फार लबाड असतं, मंडळी.

आप्पा गेले तिच्याकडे. ओसरीवर हात जोडून म्हणाले, "बाई, चूक माझी होती. भांड्याची कल्हई उतरली होती. गावानं धिक्कार मागे घेतलाय. परत चला."

बाईंनी त्यांना पाणी दिलं. मग म्हणाल्या, "आप्पा, सांगितलंत, बरं केलंत. पण अख्खं गाव खोटं कसं बोलेल, असं मला वाटायचं. माझ्याच हातात काही वाईट असेल, असं धरून बसले मी. इथे आल्यापासून चुलीला हात लावला नाही. नातू घास मागतो, तर म्हणते, आईकडे जा."

आप्पांनी पाण्याचं भांडं तसंच खाली ठेवलं. ते एकटेच परत आले.

मंडळी, गावानं शब्द मागे घेतला. पण ज्या मनात तो रुजला, तिथून कोण उपटणार? कृत्य वाईट असेल तर जरूर निषेध करा. पण माणसाचा धिक्कार करण्याआधी त्याला एकदा विचारा तरी, बाबा, काय झालं होतं? तुमच्या शब्दामुळे आज कुणाच्या घरी, कोण आपल्याच हाताला भीत बसलंय, ठाऊक आहे का? आठवून पाहा. आणि आठवलं, तर आधी त्याच्या दारी जा. देवाच्या दारी मग या. तो थांबेल.