स्वयंपाकघराला कुलूप

माझा जन्म हावड्याचा. वडील रेल्वेत कारकून, घरात मराठी आणि दाराबाहेर पाऊल टाकलं की बंगाली, त्यामुळे तुमचं मूळ गाव कुठलं असं कुणी विचारलं की मी हावडा म्हणते आणि समोरच्याचं समाधान होत नाही. औषधशास्त्राचा डिप्लोमा केला तेव्हा आई म्हणाली, पुड्या बांधायला शिकावं लागतं होय. लग्न होऊन दमदमला आले आणि स्टेशनजवळच्या दत्तबाबूंच्या औषधाच्या दुकानात लागले, ती अजून तिथेच आहे. काउंटरवर बाई बघून पहिल्यांदा पुरुष गिऱ्हाइकं विचारायची, आत कुणी आहे का. आता तीच माणसं, दिदी कुठे, दिदी कुठे करत उभी राहतात.

मधुमेहाचे लोक म्हणजे आमच्याकडे रोजचेच. काय सांगू तुम्हाला, डॉक्टर घटकाभर बघतो, बाकीचा महिना ती माणसं आमची. काचेची सिरिंज कशी उकळायची, सुई कुठे टोचायची, लघवीत ते निळं औषध घालून नळी कशी तापवायची, निळीच राहिली तर छान, विटकरी झाली तर साखर फार, हे सगळं काउंटरवरच शिकवायचं आणि मागे खोकल्याच्या औषधाला माणसं ताटकळलेली. दुर्गापूजा संपली की विजयाच्या भेटीगाठी, घरोघर संदेश नि रसगुल्ले, नाही म्हटलं तर यजमान रुसणार, मग सगळे पडल्या चेहऱ्यानं आमच्या दारात. दत्तबाबू म्हणायचे, दिदी, मिठाईवाल्यानं आपल्याला कमिशन द्यायला हवं.

तर सुलभा. बँकेतल्या अधिकाऱ्याची बायको, पुण्याहून बदलीवर आलेली, पंचविशीची असेल, अंगानं काडी, आणि रोज इन्शुलिनवाचून चालायचं नाही. बरोबर सासू. मराठी दुकानदारीण मिळाली म्हणून दोघी खूश. औषध थंड ठेवायचं, तर यांच्याकडे फ्रिज नव्हता, वरच्या मजल्यावर घरमालकीण मुखर्जी बौदी, बौदी म्हणजे वहिनी, तिच्याकडे होता, त्यात बाटली ठेवायची ठरलं. सगळं नीट चाललं होतं. नीट म्हणजे अगदी निळं.

आणि मग एकाएकी विटकरी. डॉक्टरांनी डोस वाढवला, तरी विटकरी. पुन्हा वाढवला, तरी तेच. सासू एकदा दुकानात येऊन सगळ्यांदेखत म्हणाली, औषधाला काय करायचंय, ही चोरून खाते, डब्यातले लाडू मी मोजत नाही असं वाटतं तिला. मी म्हटलं, काकू, हळू बोला. त्या म्हणाल्या, हळू कशाला, खरं तेच सांगतेय. सुलभा शेजारीच उभी होती, खाली बघत. दत्तबाबूंना मराठी कळत नाही, पण त्यांनीसुद्धा मान दुसरीकडे वळवली.

पुढच्या आठवड्यात ती एकटीच आली. भर दुपार, लोडशेडिंग, दुकानात अंधार, घामाच्या धारा. काउंटरला धरून उभी राहिली आणि म्हणाली, ताई, एक विचारू का, माणूस झोपेत उठून खातं का हो, आणि सकाळी आठवत नाही असं होतं का. मी म्हटलं, कोण म्हणालं हे. ती म्हणाली, कुणी नाही, मलाच वाटतंय, म्हणून मीच ह्यांना सांगितलं की रात्री स्वयंपाकघराला कुलूप लावा आणि किल्ली आईंच्या उशाशी ठेवा. मग, मी म्हटलं. तर म्हणाली, कुलूप लावलं तरी विटकरीच येतंय.

अहो, एवढी शिकलेली बाई, ऐकून ऐकून तिला स्वतःचीच चोरी खरी वाटायला लागली होती! ती बोलत होती आणि तिच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येत होता. साखर हाताबाहेर गेली की येतो तो वास, आमच्या धंद्यात ओळखावा लागतो. तिथेच पायरीवर ती ओकली. मी दत्तबाबूंना म्हटलं, दुकान बघा, तिला रिक्षात घातलं, वाटेत डॉक्टरांना उचललं. तिच्या घरी पोचून डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, ताबडतोब हॉस्पिटल. सासू टॅक्सीला माणूस पाठवता पाठवता म्हणते, बघा, काय खाल्लं असेल आज.

आता कुलूप असताना साखर येते म्हटल्यावर माणूस राहिला बाजूला, उरलं औषध. मी डॉक्टरांना म्हटलं, बाटली बघून येते, आणि जिना चढले. बौदी बिचारी लगबगीनं उठली, फ्रिज उघडला, खाली इलिश माशाचे तुकडे झाकून ठेवलेले, आणि तिनं हात घातला थेट वर, बर्फाच्या कप्प्यात. बाटली काढली ती बर्फात रुतलेली, काचेवर पांढरं. मी ती तळहातात धरून वितळवली, खिडकीशी उजेडात धरली, तर एरवी एकसारखं दुधाळ असणारं औषध, त्यात दूध फाडून छाना करतात तसे कण तरंगत होते. गोठलेलं इन्शुलिन मेलेलंच म्हणायचं. एवढे दिवस पोरगी जवळजवळ पाणीच टोचून घेत होती!

मी म्हटलं, बौदी, हे बर्फात का ठेवलंत. तिचा चेहरा पडला. म्हणाली, दिदी, आधी खालीच होतं, पण माशीमा म्हणाल्या, सुनेचं औषध माशाला लागून आहे, आमच्यात चालत नाही, सोवळ्याओवळ्याचं बघा. म्हणून मी वरचा अख्खा कप्पा रिकामा करून दिला, तिथे मासा कधी ठेवत नाही. शिवाय लाइट गेली तरी तोच जास्त वेळ थंड राहतो. सकाळी मीच बाटली काढून वितळली की खाली पाठवते.

माशीमा म्हणजे सुलभाची सासू. ती जिन्यात माझ्या मागेच उभी होती. बंगाली तिला फारसं येत नव्हतं, पण एवढं कळलं. कठडा धरून पायरीवरच बसली. टॅक्सी दारात आली होती, मी तिला ओलांडून खाली उतरले.

पोरगी वाचली. दोन दिवस धड शुद्ध नव्हती, पण वाचली. त्या दिवसापासून मी बाटली देताना प्रत्येकाला सांगते, बर्फात नाही, आणि टोचण्याआधी उजेडात धरून बघायची. लोक हसतात, दिदी मास्तरीण झाली म्हणतात. हसू देत.

सुलभाची माफी कुणी मागितली का, तर नाही. मी विचारलं तिला, ती म्हणाली, कुलूप काढलं, ताई, तेवढं पुरे. पण आता बाटली वर जात नाही. सासूनं मातीचा लहान माठ आणलाय, त्यात ओली वाळू, वाळूत वाटी, वाटीत बाटली, आणि तो माठ देवघराच्या शेजारी गार कोपऱ्यात. सकाळी आंघोळ करून सोवळ्यात ती आधी त्या वाळूवर पाणी शिंपडते, मग देवांकडे वळते. कुणाला हात लावू देत नाही.

आणि ते इन्शुलिन कसं काढतात ठाऊक आहे तुम्हाला? कापलेल्या गुरांच्या नि डुकरांच्या स्वादुपिंडातून. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, सुलभालाही माहीत आहे, आम्ही दोघींनी तोंडाला कुलूप लावलंय. पोरगी जगतेय, लघवी निळी येते, देव तिला असंच निळं ठेवो. तुम्ही हे छापणार असाल तर नावं तेवढी बदला. म्हातारी अजून चष्मा लावून सगळं वाचते.