डोरी ब्लेड नाहीशी झाली त्याची गोष्ट

डोरीन : म्हणजे मी मेलेय?

क्लाइव्ह : अगं, मेलीस असं कुठं लिहिलंय? नीट वाच. ‘नाहीशी झाली’ असं आहे.

डोरीन : ‘धुक्यातून मासळी-धक्क्याकडे चालत गेली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही.’ मग काय बोंबील आणायला गेली होती का मी? सहासष्ट वर्षांची बाई नेव्हच्या स्वयंपाकघरात बसून त्याची बिस्किटं खातेय, आणि तुझ्या पुस्तकात पान एकसष्टवर ती पाण्यात!

नेव्ह : आणखी घे ना. आल्याची आहेत.

डोरीन : नेव्ह, तू गप. ‘बॅड हॅडॉक’चा संपूर्ण इतिहास म्हणे! चौघांचा बँड, त्यातली एक जिवंत गाडून टाकलीस की झाला संपूर्ण.

क्लाइव्ह : शुक्रवारी छापायला जातंय, डोरीन. आता ते पान बदललं तर पुढचं सगळं ढासळतं. दुसरी रेकॉर्ड अख्खी तुझ्या जाण्यावर आहे. लोकांना तोंडपाठ आहेत ती गाणी.

डोरीन : निदान नाव तरी खरं घाल. ‘बेस गिटार : डोरीन स्पिंक.’ एवढ्यानं काय आभाळ कोसळतं?

क्लाइव्ह : डोरी ब्लेडला माणसं ओळखतात. डोरीन स्पिंकला कोण ओळखतं?

डोरीन : अरे, ओळखू नये म्हणूनच घेतलं होतं ना ते नाव! चौघंही बेकारभत्त्यावर होतो. खरं नाव रेकॉर्डवर दिसलं असतं तर कचेरीनं लगेच भत्ता तोडला असता. आमच्या बापाची बोट बंद पडलेली. घरात यायचं ते तेवढंच.

नेव्ह : मी काउंट लॉबस्टर होतो. ड्रमवर. आईला शेवटपर्यंत पटलं नाही तो मीच म्हणून.

क्लाइव्ह : आणि तुला वाचवलं कुणी? कचेरीचा तो पिंपर्टन तुझा फोटो घेऊन क्लबच्या दारात उभा राहिला तेव्हा? मीच ना! ‘ती गेली, परत यायची नाही’ असं तोंडावर ठोकून दिलं. शेजारी कुठल्या तरी साप्ताहिकाचा वार्ताहर उभा होता. त्यानं तिखटमीठ लावून छापलं, त्यात माझा काय दोष?

डोरीन : त्या दिवशी ठोकून दिलंस, उपकार झाले. पण गेली पंचेचाळीस वर्षं ठोकतोच आहेस की! तुला ठाऊक आहे का, नोव्हेंबरात लोक धक्क्यावर जमून माझ्या नावानं पाण्यात बिअर ओततात? गेल्या वर्षी मी गेले होते. लिंकनहून, दोन बस बदलून. पन्नाशीचा एक टकल्या ओक्साबोक्शी रडत होता. मी म्हटलं, बाबा, रडू नकोस. तर मला म्हणतो, ‘आजीबाई, ती काय चीज होती, तुम्हाला नाही कळायचं.’

नेव्ह : मग सांगायचंस ना त्याला.

डोरीन : काय सांगणार, डोंबल? तीस वर्षं शाळेच्या मुलांना बटाटे वाढलेत मी. कोण विश्वास ठेवणार? म्हणून तर इथं आले. दोन ओळी लिही, क्लाइव्ह. डोरीन स्पिंक जिवंत आहे, आणि पिंपर्टन मागे लागला म्हणून तिला बँड सोडावा लागला. बस.

नेव्ह : पण पिंपर्टन तर त्याच वर्षी नाताळात बदली होऊन गेला की. स्कनथॉर्पला.

(हातातली किटली खाली ठेवायचं नेव्हच्या लक्षात राहत नाही.)

डोरीन : काय म्हणालास?

क्लाइव्ह : नेव्ह, तुला ऐकू कमी येतं, तसं बोलत पण कमी जा.

नेव्ह : अरे, पण तू तिला जाऊन भेटलास ना? तूच येऊन सांगितलंस, डोरीन नको म्हणते, तिला कंटाळा आलाय. म्हणून तर आपण तिच्या जागी टेरीला घेतलं.

डोरीन : मी नको म्हणाले?

नेव्ह : नाही म्हणालीस?

डोरीन : क्लाइव्ह, माझ्याकडे बघ. नाताळात तो गेला, तुला माहीत होतं?

क्लाइव्ह : होतं.

डोरीन : आणि मला सांगायला नाही आलास.

क्लाइव्ह : हॉल भरायला लागले होते गं. त्याआधी काय होतं? पंधरा माणसं आणि एक कुत्रं. ती बातमी आली आणि लीड्सला चारशे लोक! सगळे तुझ्या नावानं ओरडत होते. त्यात तू परत उभी राहिली असतीस, तर काय सांगितलं असतं आम्ही त्या चारशे जणांना?

डोरीन : सांगायचं कशाला? वाजवलं असतं.

क्लाइव्ह : येणार होतो मी. खरंच. हा आठवडा, पुढचा आठवडा... मग तुझं लग्न झाल्याचं कानावर आलं.

डोरीन : लग्न ब्याऐंशीत झालं. त्या नाताळानंतर वर्ष उलटून गेलं होतं.

नेव्ह : मला वाटलं, तू आम्हाला सोडलंस. इतकी वर्षं मी तुझ्यावर रागावून होतो, डोरीन.

क्लाइव्ह : बरं, चुकलो. माझीच चूक. पान एकसष्ट फाडून टाकतो. छापणाऱ्याला आत्ता फोन करतो. जिवंत आहेस, नाव स्पिंक, तू म्हणशील ते लिहितो. काय लिहू, सांग.

डोरीन : पेन घे. तालीम साडेसहाला असायची. तू म्हणाला होतास, धोका टळला की गाडी घेऊन न्यायला येतो. पुढचा उन्हाळा लागेपर्यंत मी रोज सहाला बूट चढवून, गिटार पिशवीत भरून दाराशी बसायचे. आई जेवायला हाका मारायची. मी म्हणायचे, थांब गं, येतीलच ते एवढ्यात.