अक्काच्या फोनातली परवानगी

आमी मूळचे जळकोटकडचे, धनगराचे. माज्या बापाकडं मेंढरं व्हती, त्यामुळं सातवीपतुर कुठल्या शाळंत किती बसले ते मलाच धड ठाव न्हाय, जिथं मेंढरांचा वाडा बसंल तिथं शाळा. मंग आत्यानं ठेवून घेतलं, बारावी केली, कंप्युटरचा कोर्स केला, तुळजापुरात एका लॉजच्या काउंटरवर बसले, नवरात्रात तर मान वर करायला बी सवड न्हाय, पण बोटं चालायला लागली ती तिथंच. लगीन होऊन मुरुमला आले. मालक टमटम चालवतेत, बोलत्यात कमी, पण माणूस चांगलाय, उगं खोटं कशाला बोलू.

अक्का कोण, तर आमच्या शेळीवाल्या बायांच्या कंपनीच्या अध्यक्ष. नात्यातल्या न्हाईत, सगळं गावच त्यास्नी अक्का मनतंय. एक दिवस घरी आल्या आन माज्या सासूला मनल्या, चूल कोण बी फुकंल, कंप्युटर कोण चालवंल, हिला माज्याकडं धाडून द्या. सासूची काय बिशाद न्हाय मनायची! तवापासून म्या कंपनीत. काय सांगू तुमाला ताई, माज्या आईनं जन्म दिला, पण उभं केलं ते अक्कानं.

आमची शेळी उस्मानाबादी, काळीभोर. जिल्ह्याचं नाव बदललं, शेळीचं तेच ऱ्हायलं बगा. दर शेळीच्या कानात बिल्ला, लस कवा दिली, वजन किती, कितव्यांदा व्याली, बाया मला फोनवर कळवत्यात आन म्या भरते. त्याचा रिपोर्ट तयार व्हतो, रंगीत पट्ट्यांचा. तर हैदराबादची एक मोठी पारटी आली, त्यास्नी फार्मसाठी जातिवंत पाठी, मनजे न व्यालेल्या तरण्या शेळ्या, पायजे व्हत्या. पण ते मनले, मला कागद नको, तुमची वेबसाइट उघडली की त्यातच रिपोर्ट दिसला पायजे, आजचा, जित्ता, आन मला लॉगिन-पासवर्डाचा ताप नको. म्हैन्याच्या आत दावा, न्हायतर मी दुसरीकडं बघतो. आमच्या बायांनी त्याच्या भरवशावर पाठी राखून ठेवल्या व्हत्या, खाटीक दारात येऊन परत गेला तरी दिल्या न्हाईत. रोज फोन, रेश्मा झालं का, रेश्मा झालं का.

आता वेबसाइटमदी रिपोर्ट बसवायचा मनजे आपलं ॲप आदी क्लाउडमदी नोंदवावं लागतंय. म्या व्हिडिओ बगून बगून नोंदवलं. नाव टाकलं, त्याला ओळखनंबर मिळाला, गुप्त किल्ली मिळाली, रिपोर्ट वाचायची परवानगी मागितली, सगळं बराबर. आन शेवटचं बटण दाबाया गेले तर ते फिकं. दाबतच न्हाय. खाली लिवलंय, ॲडमिनची मंजुरी लागंल. ॲडमिन कोण? अक्का.

तसं का, तर कंपनीचं क्लाउडचं खातं उघडाया पुण्याचा इंजिनियर आलता, त्यानं इचारलं मुख्य ॲडमिन कोणाला करू. सगळ्या बाया एका तोंडानं मनल्या, इचारायचं काय त्यात, अक्का! आमच्यात नारळ अक्काच्या हातनं, पैली कुदळ पडायची ती अक्काच्या हातनं, मंग हे बी तसंच. दुसरं नाव कोण घालणार त्यांच्या बराबरीला? आन मंजुरीचा मेसेज जातो त्यो त्यांच्या फोनवर. चांगल्या व्हत्या तवर काय अडलं न्हाय, म्या फोन करायची, त्या तिकडून व्हय करायच्या.

आन नेमका त्याच म्हैन्यात, दिवाळीच्या तोंडावर, अक्काला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. सोलापूरला ठेवलं, मंग घरी आणलं.

पुण्याला फोन लावला तर इंजिनियर मनतो, ताई, दोन ॲडमिन ठेवायचे असतेत. आता सांगतोय मुडदा! क्लाउडवाल्या कंपनीला लिवलं, त्यांचं उत्तर आलं, ओळख पटवा, चौकशी व्हईल, वाट बगा. नवीन खातं काढावं तर आमचा सगळा रिपोर्ट जुन्यातच अडकलेला. मंग एकच वाट ऱ्हायली, अक्काचा फोन.

गेले. अक्काच्या सूनबाईनं त्यांच्या उशाखालचा फोन काढून दिला. लॅपटॉप मांडीवर घेतला, मंजुरी मागितली, फोन वाजला. पण फोन उघडायचा कसा? ते ठिपके असतेत न्हाय का, बोटानं जोडायचे, अक्काचं कुलूप ते. सूनबाईला ठाव न्हाय, पोराला ठाव न्हाय. इंजिनियर तवा मनला व्हता अंगठा लावा, सोपं पडंल, तर अक्का कडाडल्या व्हत्या, मी पन्नाशीत सही शिकले ती अंगठा द्यायला न्हाय. मनून रेघा काढायच्या, आन काढताना फोन पदराखाली.

म्या मनलं, अक्का, बायांच्या पाठीचं काम हाय, उघडता का? कळलं त्यास्नी. डोळ्यात लगीच दिसलं. म्या फोन धरला, त्यांनी डावं बोट लावलं. रेघ वाकडी गेली. परत लावलं. परत चूक. ताई, त्यास्नी आटवत नव्हतं असं न्हाय, पण ते उजव्या हाताला ठाव व्हतं आन उजवा हात तर गादीवर पडलेला. त्याच्याकडं बगायच्या आन परत डावं बोट उचलायच्या. घाम फुटला बाईला. फोन मनला, लई येळा चुकलं, आता थांबा. थांबलो. परत चूक. मंग तर थांबायचा येळ वाढतच चालला. तोंडातनं निस्ता आवाज निगत व्हता, आन सूनबाई मनली, बास करा ओ, जीव जाईल त्यांचा.

मला बघवंना. म्या फोन माज्याकडं वळवला, उगं दोन-चार ठिकाणी बोट दाबलं, आन मनलं, उघडलं अक्का! झालं! दिली तुमी मंजुरी! आन घराबाहेर येऊन भिताडाला टेकून रडले.

म्हैना सरला. पारटीनं दुसरीकडून पाठी घेतल्या. आमच्या गेल्या मुरुमच्या बाजारात, काही खाटकाकडं. बाया आता बी फोन करत्यात, पण निस्तं वजन आन लस कळवत्यात, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते बटण अजून फिकंच हाय, रोज सकाळी एकदा उघडून बगते, काय करू, दुसरं हातात काय हाय?

परवा अक्काकडं गेले. त्यांनी डोळ्यानंच इचारलं, गेल्या का पाठी? म्या मनलं, गेल्या अक्का, हैदराबादला गेल्या, पारटी लई खुश हाय. त्यांचं अर्धं तोंड हसलं. मंग डावा हात उचलाया लागल्या, माज्या डोक्यावर ठेवायला. त्यो लई वर जात न्हाय त्यांच्यानं. मंग म्याच खाली वाकले.