त्या दिवशीचा भात

आमचं मूळ गाव वाईच्या वरल्या अंगाला. बानं धम्म घेतला तवा मी पाळन्यात हुते, असं आई सांगायची. शाळा माजी दुसरीपतूर, आकडे वळखते, पर अक्षरं जोडत बसले तर दिवस जातोय. लगीन झालं आन् सांगलीला आले ती हितलीच झाले. मालक माजे डिप्लोमाच्या कॉलेजात शिपाई हुते, त्यांना कावीळ झाली आन् आठ दिसांत गेले, मंग साहेबांनी त्यांच्या जागंवर मला घेतलं. तवापास्नं मी पर्योगशाळंत. कुलूप काढायचं, टेबलं पुसायची, काचंची भांडी धुवायची, पोरांनी काय मोडलं तर वरडायचं. लय वरडायची मी, आवं, पोरं सरांस्नी भ्यायची न्हाईत तेवडी मला भ्यायची.

मंग कवातरी त्यो नवा विषय आला, अपारंपरिक ऊर्जा. ते नाव काय माज्या जिभंवर बसंना म्हनून मी आपली उन्हाचा विषय म्हनायची. सर फळ्यावर लिवून सांगायचे, लाकूड संपनार, कोळसा संपनार, रॉकेल संपनार, आन् मी भाईर फडकं पिळत पिळत म्हनायची, माज्या घरात तर रॉकेल दर म्हैन्याला मधीच संपतंय, ह्यात नवं काय सांगताय. पोरं हसायची. सरबी हसायचे. मागच्या अंगनात गोबर गॅसची टाकी बांदली हुती, पत्र्याच्या पात्यांची एक पवनचक्की हुती, ती वाऱ्यावर फिरायची कमी आन् करकरायची जास्ती, आन् उन्हात भात शिजवायची एक सरकारी पेटी हुती, आरसा लावलेली. तिच्यासंगं चार काळे डबे. ते डबे घासायचं काम माजंच.

तर ही सुनंदा. दहिवडीकडची पोरगी, त्या वर्गात पोरीच तीन, त्यातली ही बारकी, काळीसावळी, दोन वेण्या. पयल्या दिवशीच मला म्हनली, मावशी, प्यायला पानी हाय का? आन् माज्या तांब्यातनं पानी प्याली. आता हे तुमाला काय वाटनार न्हाई, पर आमच्या कॉलेजात एक सर हुते, ते माज्या हातचं पानी घेत नसत, घरनं बाटली आनायचे. बोलायचे ग्वाड, पर बाटली त्यांची त्यांची. म्हनून मला ती पोरगी लागली जिवाला. मला पोटी कोन न्हाई.

शेवटच्या वर्साला परत्येकानं कायतरी करून दावायचं असतंय. सुनंदा म्हनली, मी पेटी करनार. सर म्हनले, पेटी हाय की आपल्याकडं. तर म्हनली, ती लोखंडाची, तिच्यात ऊब धरायला भरायचा कापूस कंपनीतनं येतोय, ती बिघडली तर बाईनं कुटं जायाचं? माजी पेटी देवदाराच्या खोक्याची, आत उसाचं चिपाड भरायचं, वर फोटोच्या फ्रेमची काच आन् कडंनं सायकलची जुनी ट्यूब. बिघडली तर बाई घरात बसून नीट करंल. आमच्याकडं पाऊस न्हाई, मावशी, झाड न्हाई, पर ऊन बग किती हाय, आन् आई माजी त्या उन्हातच काटक्या येचाया जाती आन् चुलीम्होरं बसून खोकती. हे आईचं ती शंबरदा सांगायची. तिला नोकरी नको हुती का? हुती. पर आधी आईचा खोकला.

चार म्हैने तिनं पेटी केली. मी चिपाड आनून दिलं, गुऱ्हाळावरनं, डोक्यावरनं पोतं. उन्हात वाळवलं. सगळं झालं आन् परीक्षेच्या आदल्या दिवशी भात ठिवला, अकराला ठिवला, चारला काढला, तर शीत दाबलं की आत बारीक खडा. अर्धाकच्चा. भाईरचे परीक्षक दुसऱ्या दिवशी यायचे. सर घरी गेले हुते, पोरगी तितंच फरशीवर बसली, रडली. म्हनली, मावशी, आई वाट बगत आसंल.

आता मी काय केलं ते सांगते.

सकाळी मी घरी स्टोवर भात केला. चारातला एक काळा डबा पिशवीतनं घरी आनला हुता, त्यात भरला, फडक्यात गुंडाळला. सुनंदानं अकराला पेटीत पुन्ना तांदूळ ठिवले. दुपारी तिला तोंडी परीक्षंला आत बोलावलं, अंगनात कोन न्हाई, मी पेटी उघडली, तिचा डबा काढला, माजा ठिवला. तिचे तांदूळ लिंबाच्या मागं चिमन्यांना टाकले. घंटाभर माजा भात त्या पेटीत तापला. मंग सगळी भाईर आली, परीक्षकांनी झाकान काढलं तर वाफ! चमचा घेतला, खाल्ला, म्हनले, वा, मोकळा शिजलाय. सगळ्या सरांनी एकेक घास घेतला, त्या बाटलीवाल्या सरांनी दोन घेतले. सुनंदा माज्या गळ्यात पडली, मावशी शिजला की वो, शिजला! मी म्हनलं, व्हय बाय, शिजला. बक्षीस मिळालं तिला, पयला नंबर.

तवाच सांगायचं हुतं. पर तिचा डिप्लोमाचा कागूद रद्द झाला तर? माजी नोकरी गेली तर? आन् भात कुनाच्या घरचा हे बाटलीवाल्या सरांना कळलं असतं तर काय झालं असतं, तुमीच सांगा. ही सगळी कारनं खरी हायेत. पर खरं कारन म्हंजे ती हसत हुती. आदल्या दिवशी रडताना मला बघवलं न्हवतं तिच्याकडं.

साताऱ्याच्या एमआयडीसीतनं तिला बोलावनं आलं, कारखान्यात नकाशे काढायचं काम, चांगलं हुतं. ती गेली न्हाई. म्हनली, पेटी शिजवती तर मी नकाशे कशाला काढू. गावाकडं गेली आन् बायकांना धा-बारा पेट्या करून दिल्या, सगळ्या तशाच, त्याच मापाच्या. एकीतबी भात शिजंना. बायकांनी चार दिवस बगितलं, मंग कुनी त्यात कोंबडी बसवली, कुनी वाळवनाचे गहू ठिवले. तिची आई पर ठिवायची रोज, लेकीनं केलीया म्हनून, आन् दुपारी तेच कच्चं तांदूळ पुन्ना चुलीवर चढवायची. दोनदा शिजवायचं, दोनदा खोकायचं.

मंग ती हितं यायला लागली. वर्साला एकदा तरी. कपाटातनं तिची जुनी पेटी काढायची, बक्षिसाची, पट्टी लावून मापं घ्यायची, वहीत लिवायची. हिच्यात शिजला आन् माज्यात का शिजत न्हाई, मावशी? काय फरक हाय? फरक काय असनार वो. एक डाव उन्हाच्या विषयाचे सर तिथंच हुते, ते म्हनले, सुनंदा, मला वाटतंय ट्यूबपाशी वाफ जात असंल आन् चिपाड ओल धरत असंल, पर त्या दिवशी तर शिजला की. शिजला नसता तर मी तवाच पेटी फोडून बगितली असती, आठ दिसांत नीट केली असती आपन. मी टेबल पुसत हुते. आठ दिसांत, म्हनले.

ह्या उन्हाळ्यात आली ती. वेण्या गेल्या, अंबाडा आला, डोळ्याखाली काळं. साताऱ्याकडच्या डोंगरावर आता म्हने मोठ्या पवनचक्क्या उभ्या राहायल्यात, तिच्या वर्गातली पोरं तिकडं कामाला हायेत. ही म्हनली, मावशी, आज तीच पेटी लावू. अंगनात लावली, दोघी सावलीला बसलो, मी थर्मामीटर बगत हुते, आकडे मला येतात, पारा एका जागंवर गेला आन् थांबला, वर जाईना. चारला काढला. शीत दाबलं. खडा.

मंग तिनं वही काढली. त्या दिवशी पानी कुटलं दिलं हुतंस मावशी? म्या म्हनलं, नळाचं. तांदूळ? तूच आनलेला. आरसा कुन्या तोंडाला हुता? ह्याच तोंडाला बाय. मंग काय फरक हुता? तोंडापतूर आलं हुतं माज्या, आयुष्यात एवडं तोंडापतूर काय आलं न्हाई. आन् म्या म्हनलं, त्या दिवशी ऊन जास्त असंल.

तिनं लिवलं. वहीत लिवलं, ऊन जास्त. मान हालवली, म्हनली, व्हय, असंल. आन् यष्टीला गेली.

त्या पोरीला मी कोंबड्या हाकलताना वरडल्यासारकी वरडलेली, तुटलेल्या नळीसाठी, पर ही एक गोष्ट मला बोलवत न्हाई. दोनदा यष्टी स्टँडापतूर गेले, दहिवडीची यष्टी लागली हुती, चढले न्हाई. म्हनून तुमाला सांगितलं. तुमी लिवताय न्हवं? मंग लिवा, भात माज्या घरचा हुता. पोरीचं डोकं चुकलं न्हाई, ट्यूबपाशी वाफ जाती, चिपाड ओल धरतंय, तेवडं बग म्हनावं. छापून आलं की एक तिला धाडा, पत्ता देते. तिचं कल्यान होवो, तिच्या आईचा खोकला थांबो. ती मला पुन्ना मावशी म्हनंल का न्हाई, ते तिच्याकडं.

आन् मला वाचून दावू नका. मी आयकून घेनार न्हाई.