फ्लेक्समधली कापलेली ओळ

सान व्हिदाल पोलीस ठाणे, गुरुवार, ४ जून, सकाळी १०.२०

नाव जोनाबेल तुबाट एल्नार, वय २४ वर्षे, धंदा वीज सहकारी संस्थेत मीटर तपासणी व दुरुस्ती, राहणार तिसरी गल्ली, बरांगाय कालिनावान, सान व्हिदाल, नेग्रोस बेट.

आमच्या बरांगायचे, म्हणजे वस्तीचे, निवडून आलेले प्रमुख कॅप्टन रेनेरियो साबानाल यांनी माझ्याविरुद्ध दिलेल्या तक्रारीवरून बोलावल्याने मी समक्ष हजर राहून सांगते की,

१. शुक्रवार, २९ मे रोजी सकाळी बास्केटबॉलच्या मैदानाच्या फाटकावर माझ्या अभिनंदनाचा फ्लेक्स लागला. लांबी बारा फूट, उंची आठ फूट.

२. रविवार, ३१ मे रोजी दुपारी २.१० वाजता मी शिडी लावून त्यातली एक ओळ कापून काढली. पट्टी सहा फूट बाय सात इंच.

३. सोमवारी दुपारनंतर वारा सुटला. कापलेल्या जागेपासून फ्लेक्स वरच्या बाजूला फाटत गेला. फाट कॅप्टनसाहेबांच्या फोटोतून, नाकाच्या डाव्या अंगाने गेली.

४. मंगळवारी तक्रार झाली, की निवडणूक जवळ आलेली पाहून मी मुद्दाम त्यांचा चेहरा फाडला.

क्रमांक २ मला मान्य आहे. क्रमांक ४ मान्य नाही.

मला विद्युत अभियांत्रिकीची पदवी घ्यायची आहे. दीड वर्ष मी शिष्यवृत्त्या शोधत होते. त्रेचाळीस सापडल्या. त्यांतल्या सव्वीस अभियांत्रिकीच्या; त्या सगळ्यांना निरोगी असल्याचा डॉक्टरी दाखला हवा होता. सोळा अपंग विद्यार्थ्यांसाठी. त्यांवर शिक्षिका होता येत होते, मालिश किंवा टायपिंग शिकता येत होते. दोन्ही रकान्यांत बसणारी एकच उरली. तिच्या अर्जात आजार विचारला होता, तो मी लिहिला. मे महिन्यात निवडीचे पत्र आले.

पुढच्या कागदपत्रांत रहिवासी दाखला लागतो. तो आणण्यासाठी माझी आई, जिला मी नानाय म्हणते, ते पत्र घेऊन कॅप्टनसाहेबांकडे गेली. त्यांनी फ्लेक्सचा मजकूर पत्रावरून जसाच्या तसा उतरवला: नाव, अभ्यासक्रम, आणि त्याखाली माझ्या आजाराचे नाव. त्यांचा फोटो माझ्या फोटोच्या दुप्पट आहे. त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही, सगळ्याच फ्लेक्सवर तसे असते.

आजाराचे नाव या जबाबात लिहू नये अशी मी विनंती केली. जबाब लिहून घेणाऱ्या अंमलदार बाईंनी ती मान्य केली. कापलेली पट्टी, मजकूर आत येईल अशी घडी घालून, बंद पाकिटात जमा केली आहे.

शनिवारी मी कामावर गेले. तपासणीच्या टेबलावर माझ्या जागी दुसऱ्याला बसवले होते. माझी खुर्ची कोपऱ्यात होती आणि तिच्याभोवती फरशीवर जुनी गादी अंथरलेली होती. सुपरवायझर आबेल्लाना मला इथल्या रीतीने दाय, म्हणजे पोरी, म्हणतात. ते म्हणाले, "काळजी म्हणून गं, दाय. दुसरं काही मनात आणू नकोस. तू आपली फायली लाव." त्या टेबलावर मी चार वर्षे काम केले आहे. शेवटचा झटका चौदा महिन्यांपूर्वी आला, तो घरी. नोकरीच्या अर्जात आजाराचा रकाना नव्हता.

रविवारी प्रार्थनेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर मी कॅप्टनसाहेबांना भेटले. फक्त एक ओळ झाकावी, असे सांगितले.

ते म्हणाले, "अगं दाय, झाकायचं कशाला? एवढ्या बेटावर एकटी तू निवडली गेलीस! आजारावर मात करून शिकतेय, हे वाचून लोकांच्या डोळ्यांत पाणी येतंय."

"मात केलेली नाही, कॅप. गोळ्या चालू आहेत."

"तेच तर! वस्तीची शोभा आहेस तू. निवडणूक होऊ दे, मग उतरवतो."

निवडणूक नोव्हेंबरात आहे.

घरी येऊन मी नानायला ओळ कापणार असल्याचे सांगितले. तिने त्या फ्लेक्सखाली उभे राहून फोटो काढून घेतला होता आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. ती म्हणाली, "वीस वर्षं लोक तुला पछाडलेली म्हणायचे आणि मी मान खाली घालून बाजार करायची. आता त्याच आजाराचं नाव तुझ्या फोटोखाली लागलंय आणि लोक माझं अभिनंदन करतायत. चार दिवस बघू दे की मला."

मी शिडी काढायला गेले. ती मागे आली. मग म्हणाली, "टेबल परत देतील का, ते कापल्यावर?"

मी माहीत नाही म्हणाले.

शिडी कोणी धरली, असे विचारल्यावरून सांगते की नानायने धरली. तिने काहीही कापलेले नाही.

चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून फाट सुरू होते, हे मला ठाऊक आहे. कोपरे गोल कापायला हवे होते. मी सरळ कापले. एवढी चूक माझी. कॅप्टनसाहेबांच्या चेहऱ्याशी माझे वैर नाही. त्यांनी माझ्यासाठी आनंदाने केले, हे मला दिसत होते. फाट मी शिवून देईन. नाकापाशी टाके दिसतील.

आता मैदानावरून जाणारा प्रत्येक जण त्या भोकात काय होते ते विचारतो. ज्यांनी आधी वाचले नव्हते, तेही विचारतात.

शिष्यवृत्तीसाठी पोलिसांचा चारित्र्य दाखला सोमवार, १५ जूनपर्यंत पोचवायचा आहे. तक्रार उभी असताना तो मिळत नाही आणि जागा यादीतल्या पुढच्या विद्यार्थ्याला जाते. चव्वेचाळिसावी शिष्यवृत्ती मला सापडलेली नाही.

हा जबाब अंमलदार बाईंनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तारखा, वेळा आणि मापे मी पुन्हा ताडून पाहिली. मी सांगितले तेच लिहिले आहे. वाचताना दार बंद करून घेतल्याबद्दल त्यांची आभारी आहे.

तक्रार ठेवायची की मागे घ्यायची, ते कॅप्टनसाहेबांनी लेखी कळवावे. उत्तरात आजाराचे नाव नसावे. उत्तर बुधवार, १० जून, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत मिळावे, ही विनंती.

जोनाबेल तुबाट एल्नार